राहेलीचे रडणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या मावशीचा तरणा मुलगा गेला. मातीहून परतलो, शेजारणीने पिठले-भाकरी आणून ठेवली आणि लगेच सांत्वनाला सुरुवात झाली. एकाने पौलाचे थेस्सलनीकाकरांस पत्र उघडले. पुनरुत्थानावर भाव ठेवणाऱ्याने निराधारासारखे शोकात बुडू नये, हा त्यातील आशय. मावशी गप्प झाली. सर्वांना वाटले, वचनाने धीर आला. मला वाटते, तिला गप्प केले गेले.

पवित्र शास्त्र या बाबतीत एका सुरात बोलत नाही, हे आपण विसरतो. यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात राहेल मुलांसाठी आक्रंदते, कोणाचेही सांत्वन घेत नाही. पण लगेच पुढे देव तिला डोळे पुसायला सांगतो, कारण बंदिवासात गेलेली मुले परत येणार आहेत. हेरोदाने बेथलेहेमची बालके मारली, तेव्हा मत्तयाला हीच राहेल आठवली. त्याने तिचे रडणे तेवढे घेतले; पुढचे आश्वासन घेतले नाही! ती बालके कुठल्याच वाटेने घरी येणार नव्हती. आश्वासन ठाऊक असूनही मत्तय येथे थांबला, हे मला फार मोठे वाटते.

बेथानीत लाजराला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही येशू त्याच्यासाठी रडला. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते; बिघडले ते तोंड उघडल्यावर. आपल्या नगर जिल्ह्यातच, नेवाशाला, शोक करू नये असे अर्जुनाला बजावणाऱ्या गीतेवर ज्ञानदेवांनी निरूपण केले. पण त्यांच्याच समाधीच्या वेळी निवृत्तिनाथांसारखा गुरूही कोलमडला, असे नामदेवांचे अभंग सांगतात.

पौलावर मात्र अन्याय नको. प्रभू येण्याआधीच मेलेल्यांचे काय होणार, या धास्तीत पडलेल्या मंडळीला त्याने ते उत्तर लिहिले होते. रोमकरांना तर तो रडणाऱ्यांबरोबर रडायलाच सांगतो. दोष पत्राचा नाही, ते केव्हा उघडावे याचे भान नसणाऱ्यांचा आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत वारले. नगरात त्यांनी कितीतरी वर्षे काम केले होते. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतले. १९३८ साली ग्रंथ छापून निघाला, तेव्हा त्याही हयात नव्हत्या. तो पतीचा शोक म्हणावा की स्वतःचे सांत्वन? मला ही दोन्ही एकच वाटतात.

त्या रात्री माणसे पांगल्यावर शेजारची म्हातारी मावशीजवळ येऊन बसली. ती ख्रिस्ती नव्हे, तिला एकही वचन येत नव्हते. तिने नुसता मावशीचा हात धरला आणि पदर डोळ्याला लावला. तेव्हा कुठे मावशी मोठ्याने रडली.