बाबांची वर्गणी कुठे जाते?

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या बाबांचं जरीपटक्यात तयार कपड्यांचं छोटंसं दुकान आहे. म्हणाला, "मॅडम, बाबा दर वर्षी व्यापारी संघटनेला वर्गणी देतात. आई म्हणते, तेवढ्या पैशात पोराचे बूट आले असते. मग ते पैसे जातात तरी कुठे?"

प्रश्न सोपा नव्हता, बरं का! "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली. घरी पुस्तकं चाळली, दोन-चार दुकानदारांशी बोलले. मग वाटलं, हे उत्तर एकट्या त्याला कशाला? तुम्हा सगळ्यांनाच सांगू या.

समजा, दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. दुकानात नवा माल भरला आहे, तोही उधारीवर. आणि नेमका त्याच वेळी दुकानासमोरचा रस्ता नळासाठी खणून ठेवला. गिऱ्हाईक येणार कसं? दुकानदार एकटाच अर्ज घेऊन कचेरीत गेला, तर त्याला दुकान बंद ठेवावं लागेल. साहेब भेटले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. पण त्याच रस्त्यावरच्या शंभर दुकानदारांनी मिळून एकच अर्ज केला आणि दोघांना पाठवलं तर? अठ्ठ्याण्णव दुकानं उघडी राहतील आणि अर्जाला वजनही येईल. संघटनेचं पहिलं काम हेच. एकट्याला न परवडणारं काम ती सर्वांच्या वतीने करते.

आता आपल्या वस्तीच्या नावाकडेच पाहा ना! जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या सैन्यातलं मानाचं निशाण. सैनिक गावोगावचे, पण निशाण सगळ्यांचं एक. १९४७ साली फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल हे प्रांत वाटले गेले, सिंध मात्र सगळाच्या सगळा पाकिस्तानात गेला. घरदार, दुकान, शेती मागे टाकून लाखो सिंधी कुटुंबं इकडे आली. कोणी कल्याणजवळच्या छावणीत राहिलं, तिथे पुढे उल्हासनगर वसलं. कोणी पिंपरीला गेलं, तर कोणी आपल्या नागपुरात जरीपटक्याला आणि खामल्याला आलं. विचार करा, नव्या गावात ओळख नाही, भाषा वेगळी, हातात भांडवल नाही. अशा माणसाला उधार माल कोण देणार? कोणीतरी "मी याला ओळखतो, माणूस खात्रीचा आहे" असं म्हणावं लागतं. व्यापारात पैशाइतकीच पत लागते, आणि पत चार माणसांत मिसळूनच तयार होते.

व्यापाऱ्यांनी एकत्र येण्याची रीत तशी जुनी आहे. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात १५९९ साली व्यापाऱ्यांचं मंडळ निघालं. समुद्री चाच्यांपासून जहाजं कशी वाचवायची, ही तिथल्या व्यापाऱ्यांची मोठी काळजी होती. आपल्याकडे १८३६ साली बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स सुरू झालं. 'चेंबर' म्हणजे दालन, व्यापाऱ्यांनी बसून विचार करायची जागा. पण तिथे इंग्रज व्यापाऱ्यांचा पगडा होता. म्हणून १९०७ साली मुंबईतल्या भारतीय व्यापाऱ्यांनी आपलं वेगळं चेंबर काढलं. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर उभं राहिलं, आणि १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर. आपलं नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. इथे १९४४ साली नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झालं. पुढे १९६३ साली कारखानदारांची विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आली.

या दोन तारखांच्या मध्ये एक मोठी गोष्ट घडली. १९५६ साली नागपूरचं राजधानीपण गेलं. तेव्हापासून आपलं सरकार बसतं मुंबईत, म्हणजे आठशे किलोमीटरवर! इथल्या दुकानदाराचं म्हणणं तिथे पोहोचायचं कसं? हिवाळी अधिवेशनासाठी मंत्री नागपुरात येतात, तेव्हा रस्त्यांवर मोर्चे निघतात ते तुम्ही पाहिले असतील. त्याच दिवसांत व्यापारी संघटनाही आपली निवेदनं घेऊन मंत्र्यांना भेटतात.

पण संघटनेचं काम निवेदन देऊन संपत नाही. १ जुलै २०१७ रोजी देशात जीएसटी हा नवा कर लागू झाला, आठवतं का? तुम्ही तेव्हा अगदी लहान असाल, पण घरच्या मोठ्यांना विचारा. वहीत हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला एकदम संगणकावर विवरणपत्र भरावं लागलं. तेव्हा गावोगावच्या संघटनांनी जाणकारांना बोलावून वर्ग भरवले. म्हणजे मोठी माणसंही शाळेत बसली म्हणा ना! सुरुवातीला वर्षाला वीस लाखांच्या वर उलाढाल असेल तर नोंदणी करावी लागे. छोट्या व्यापाऱ्यांच्या मागण्या येत राहिल्या, आणि एप्रिल २०१९ पासून माल विकणाऱ्यांसाठी ही मर्यादा आपल्याकडे चाळीस लाख झाली.

माल परदेशी पाठवायचा असेल, तर तो कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला लागतो. असे दाखले चेंबरकडूनही मिळतात. दोन व्यापाऱ्यांत पैशावरून वाद झाला, तर कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालण्याऐवजी दोघांना समोरासमोर बसवून तो मिटवायचं कामही काही संघटना करतात.

आता म्हणाल, "मग संघटना असली की सगळं मिळतं?" तसं नाही हं. आपल्या नागपूर-अमरावतीकडच्या संत्र्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. २०१९ पासून तिथल्या सरकारने संत्र्यांवरचा आयात कर वाढवत नेला. आपली निर्यात घटली, भाव पडले. दुसऱ्या देशाचा कर आपल्या संघटना कशा कमी करणार? त्या आपल्या सरकारकडे दाद मागू शकतात, नव्या बाजारपेठा शोधू शकतात. त्याला वेळ लागतो, आणि तोवर संत्रं झाडावर थांबत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा. एकी चांगल्या कामासाठी होते तशी वाईट कामासाठीही होऊ शकते. शंभर दुकानदार एकत्र बसले आणि "उद्यापासून सगळे भाव वाढवू, कोणी स्वस्त विकायचं नाही" असं ठरवलं, तर? गिऱ्हाईक जाईल कुठे? अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ सालीच हा धोका ओळखला होता. म्हणून आपल्याकडे २००२ साली स्पर्धा कायदा झाला. आपसात भाव ठरवणं किंवा नव्या दुकानदाराला धंद्यात येऊ न देणं, हा त्या कायद्याने गुन्ह्यासारखाच दोष मानला आहे. औषध विक्रेत्यांच्या काही संघटना 'आमची परवानगी असल्याशिवाय नवा विक्रेता नेमायचा नाही' असा हट्ट धरत होत्या. त्यांना स्पर्धा आयोगाने दंड केला.

म्हणजे चांगली संघटना ओळखायची कशी? मला सुचलेली खूण सांगते. ती सभासदांना वर्गणीचा हिशेब दाखवते का? सगळ्यात छोट्या दुकानदाराला तिथे बोलता येतं का? आणि तिच्या कामाने गिऱ्हाइकाचं नुकसान तर होत नाही ना? या तीन प्रश्नांची उत्तरं बरोबर आली, तर वर्गणी वाया गेली नाही असं समजा.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हेच सांगितलं. तो जरा विचार करून म्हणाला, "मग मॅडम, बाबांना हिशेब मागायला सांगू?" मी म्हटलं, "जरूर सांग. आणि हेही सांग, की वर्गणी देऊन घरी बसू नका, सभेला जा." मग मी हळूच त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट खरंच फाटले होते. आईचंही काही चुकत नव्हतं. छोट्या दुकानदाराच्या घरातला एकेक रुपया असा मोजून काढलेला असतो. म्हणून तर संघटनेने त्याचा हिशेब चोख द्यायला हवा!

आता तुमचं काम. या रविवारी तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांकडे किंवा शिंपीदादांकडे जा. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ बघा हं! त्यांना विचारा, "तुमची संघटना आहे का? तिने गेल्या वर्षी तुमचं कोणतं एक काम केलं? आणि कोणतं राहिलं?" उत्तरं वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. राहिलेल्या कामांची यादी मोठी झाली, तर ती त्याच काकांना नेऊन द्या. पुढच्या सभेत त्यांना कामी येईल.

तुमची,
मॅडम