डब्यावर यादी, स्पंजवर काहीच नाही



हळदीकुंकू असो, गणपती असो की कुणाच्या मुलीचं लग्न, आपण बायका जमलो की एक विषय हमखास निघतो. "अगं, इथे आल्यापासून माझ्या चेहऱ्याला काही म्हणजे काही सोसत नाही." मग कुणी पाण्याला दोष देतं, कुणी थंडीला, कुणी सेंट्रल हीटिंगला, आणि शेवटी गाडी येते ती "तू कुठलं क्रीम वापरतेस?" या प्रश्नावर. माझं म्हणणं असं की हा प्रश्न अर्धवट आहे. ते क्रीम तू कशाने लावतेस, हे आधी विचारायला हवं. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, त्याची किंमत माझ्या पापण्यांनी सात महिने मोजली आहे :-)

मी पेशाने फार्मासिस्ट. काउंटरमागे उभं राहून "नवीन काही लावण्याआधी थोडंसं लावून बघा" असं दिवसातून चारदा लोकांना सांगणारी. त्यामुळे स्वतःची फजिती लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. झालं असं, की एका रविवारी गणपतीचा कार्यक्रम होता म्हणून नेहमीपेक्षा थोडी जास्तच नटले. सोमवारी काही नाही. मंगळवारी रात्री डोळ्यांना खाज, आणि बुधवारी सकाळी पापण्या पुरीसारख्या टम्म. आता मंगळवारी मी काय केलं होतं? वांग्याचं भरीत खाल्लं होतं. झालं, वांगं बंद! सांगलीला आईला फोन केला तर ती म्हणाली, "उष्णता वाढली असेल, सब्जा घे." सब्जाही घेतला.

या प्रकारची ॲलर्जी उशिरा उगवते. शेंगदाणा खाल्ला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, ती ॲलर्जी वेगळी. त्वचेला काही लागून होणारी ही ॲलर्जी साधारण एक ते तीन दिवसांनी दिसते. तोवर रविवारचा मेकअप आपण विसरलेलो असतो आणि मंगळवारचं वांगं सापडतं. दुसरं म्हणजे "दहा वर्षं हेच वापरतेय, कधी काही झालं नाही" हा बचाव इथे चालत नाही. शरीर एखाद्या पदार्थाला वर्षानुवर्षं मुकाट सोसतं आणि एक दिवस नाही म्हणतं. एकदा नाही म्हटलं की बहुधा जन्मभरासाठी.

मी काय केलं, तर फाउंडेशन बदललं. मग मस्कारा बदलला. मग पिनरच्या हाय स्ट्रीटवर वरखाली करून ज्या ज्या डबीवर "हायपोॲलर्जेनिक" लिहिलंय ती ती घरी आणली. या शब्दावर आपला फार विश्वास. अमेरिकेत एफडीएने १९७५ साली या शब्दाला नियमात बसवायचा प्रयत्न केला होता. दोन सौंदर्यप्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ साली अपील कोर्टाने तो नियमच रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. इथे ब्रिटनमध्येही तुम्हाला ॲलर्जी होणार नाही अशी हमी त्या शब्दात नाही.

मग केली ती खरी चूक. भारतातून आणलेली एक ट्यूब कपाटात होती. तुमच्याही असेल, उगीच नाही म्हणू नका. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण. दोन दिवसांत खाज गायब, पापण्या पूर्ववत, मी खूश. लावणं थांबवलं की चौथ्या दिवशी पहिल्यापेक्षा दुप्पट. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ. तिथे जोरदार स्टेरॉइड डॉक्टरच्या देखरेखीशिवाय लावत राहिलं तर ती आणखी पातळ होते, शिवाय काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका. हे सगळं मला पाठ होतं, तरी लावलं. भारतात अशा ट्यूबा चेहरा "उजळ" करायला इतक्या वापरल्या जातात की त्यातून बिघडलेल्या चेहऱ्यांना तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वेगळं नावच दिलंय. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं प्रिस्क्रिप्शनच्या यादीत टाकली. पण आपला कोपऱ्यावरचा केमिस्ट आपल्याला ओळखतो ना! इथे ब्रिटनमध्ये हायड्रोक्विनोन, पारा किंवा स्टेरॉइड असलेली गोरं करणारी क्रीमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

शेवटी जीपी. त्यांनी माझ्या डोळ्यांभोवतीचा काळेपणा बघून विचारलं, झोप नीट होते का? मला राग आला, पण नंतर विचार केला की दोष एकट्या त्यांचा नाही. पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची. तिथे सूज लालभडक दिसते. आपल्या कातडीवर तीच जांभळट, करडी किंवा नुसती काळपट दिसते, आणि खाज गेल्यावरही तो काळेपणा महिनोन् महिने रेंगाळतो. २०२० मध्ये सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुक्वेंडे या विद्यार्थ्याने दोन प्राध्यापकांना सोबत घेऊन "माइंड द गॅप" नावाची पुस्तिका काढली ती नेमकी यासाठी, की काळ्या-सावळ्या त्वचेवर रोगाची चिन्हं कशी दिसतात ते डॉक्टरांना कळावं. तेव्हा आपणच स्पष्ट सांगायचं: "माझ्या त्वचेवर हे असंच दिसतं, हात लावून बघा, खरखरीत आहे, गरम आहे." आणि ऐन भरातले फोटो काढून न्यायचे. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत सूज उतरलेली असते, हा नियमच आहे.

फोटो दाखवले आणि पॅच टेस्टसाठी नाव पुढे गेलं. वाट बरीच पाहावी लागली. रक्ताची चाचणी किंवा हातावर सुई टोचून करतात ती चाचणी ही नव्हे. सोमवारी पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांमधून संशयित पदार्थ चिकटवतात, बुधवारी काढतात, शुक्रवारी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणजे पाच दिवस कावळ्याची आंघोळ. येताना वापरातल्या सगळ्या वस्तू आणा असं कळवलं होतं. मी पिशवीभर बाटल्या नेल्या. नर्सने त्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "हे सगळं लावता कशाने?" स्पंज आणि पापण्या वळवायचा चिमटा घरी राहिला होता. मला तर ती वस्तूच वाटली नव्हती.

शुक्रवारी दोन चौकोन उठले, थायुराम आणि निकेल. थायुराम म्हणजे रबर तयार करताना ते लवकर पक्कं व्हावं म्हणून घालतात त्या रसायनांपैकी एक. माझा तिकोनी पांढरा स्पंज रबराचा होता. पापण्यांचा चिमटा निकेलचा मुलामा दिलेला, वर त्याची गादीही रबराची. सात महिने मी क्रीमं बदलत होते आणि प्रत्येक नवीन क्रीम त्याच स्पंजने लावत होते!

माझी खरी तक्रार इथे आहे. क्रीमच्या डब्यावर घटकांची यादी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, अक्षर कितीही बारीक का असेना. स्पंज, ब्रश, चिमटा ही सौंदर्यप्रसाधनं नव्हेत, नुसत्या वस्तू. त्यांच्यावर अशी यादी छापायचं बंधन नाही. निकेलवर मर्यादा आहे, पण ती कानातलं, घड्याळ अशा त्वचेला बराच वेळ चिकटून राहणाऱ्या वस्तूंसाठी. दोन मिनिटांचा चिमटा त्यातून निसटतो. आणि "लॅटेक्स-फ्री" लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. कृत्रिम रबरातही तीच रसायनं असू शकतात. मी आता पॉलियुरेथेनचा स्पंज घेते, नाहीतर सरळ बोटं. बोटांइतकं स्वस्त आणि धुवायला सोपं साधन अजून निघालेलं नाही. चिमटा प्लास्टिकचा, सिलिकॉनची गादी असलेला घेतला. धातूच्या वस्तूत निकेल आहे का हे बघायची छोटी बाटली मिळते. दोन थेंब कापसावर घेऊन घासायचं, कापूस गुलाबी झाला की आहे.

पुरळ कुठे उठतं यावरूनही बराच अंदाज येतो. केसांच्या कडेला आणि कानांवर असेल तर आधी हेअर डायवर संशय घ्या, त्यातलं पीपीडी कुप्रसिद्धच आहे. पापण्यांवर असेल तर नखांकडेही बघा. नेलपॉलिशची ॲलर्जी बोटांना न होता पापण्यांना होते, कारण दिवसभरात आपण डोळ्यांना किती वेळा हात लावतो याला गणती नाही. घरच्या घरी जेलची नखं करणाऱ्या मुलींनी तर फारच जपावं, इथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय. आणि कपाळाच्या मधोमध असेल तर टिकली. टिकलीच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. त्याने खाज तर येतेच, पण काहींना त्या जागी पांढरा डाग पडतो, कारण ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. आपल्याकडे पांढरा डाग म्हटलं की लोक काय कुजबुजतात ते मी सांगायला नको. मी पाहिलेल्या एकाही पाकिटावर डिंक कसला आहे ते लिहिलेलं नव्हतं.

आता पाण्याबद्दल. आपलं पाणी जड आहे, किटली बघितली की कळतंच. म्हणून एका मैत्रिणीने बरेच पौंड घालून पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं. २०११ साली एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर इंग्लंडात याचीच नीट चाचणी झाली होती. १२ आठवडे यंत्र लावूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. किटली मात्र चकचकीत राहते म्हणे.

ॲलर्जी नसली तरी स्वच्छता आहेच. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ मध्ये लोकांकडून वापरलेली ४६७ प्रसाधनं घेऊन तपासली. बहुतेकांत जंतू होते, सर्वांत जास्त ओल्या स्पंजांत. ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते, आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही वापरात होते. आठवड्यातून एकदा साध्या, वास नसलेल्या साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, आणि उघड्यावर वाळवा, बंद पिशवीत नको. भांड्यांचा साबण वापरू नका, तो राहिला तर त्यानेच चेहरा चुरचुरतो. लग्नात एकच मेकअपवाली वधू, करवल्या, मावश्या सगळ्यांना तोच ब्रश फिरवत असेल तर तोंड उघडून विचारा. मी आता माझी काजळपेन्सिल आणि स्पंज पर्समध्ये घेऊन जाते. भाचीच्या लग्नात "किती नखरे" असं ऐकूनही घेतलं.

नवीन क्रीम आणलं तर कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा आणि मगच चेहऱ्याला. हेअर डाय असा वारंवार लावायचा नसतो, त्याच्या खोक्यावर लिहिलेली ४८ तासांची चाचणी करा. स्पंजाची मात्र घरी खात्रीशीर चाचणी नाही, म्हणून त्रास वारंवार होत असेल तर जीपीकडे "पॅच टेस्ट" हे दोन शब्द वापरूनच मागणी करा, आणि पिशवीत बाटल्यांबरोबर साधनंही न्या.

उटण्याबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाहीये, दिवाळी जवळ आहे आणि मला फराळाची आमंत्रणं हवी आहेत.

पुण्यात किंवा मुंबईत पॅच टेस्ट करून घेतल्याचा कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा. माझ्या मोठ्या वहिनींच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा डाग आलाय. त्या वर्षभर त्यावर आणखी मोठी टिकली लावून तो झाकताहेत, आणि फोनवर म्हणतात, "कुंकू बदललं की जाईल." त्यांना कुणाकडे पाठवायचं ते मला या महिन्यातच ठरवायचं आहे.


(पिनरहून)