अबोला म्हणजे होकार नव्हे

आमचं घर लष्करात, महाराज बाड्यामागच्या गल्लीत. दोन वर्षांपूर्वी पावसात वरची खोली गळू लागली. ती पाडून नवी बांधायची, असं आमच्या ह्यांनी तावातावाने मांडलं. मोठे दीर ऐकून घेऊन म्हणाले, "बरं, तुला योग्य वाटेल तसं कर." मी तो होकार धरला आणि मिस्त्री ठरवला. तो आला त्या दिवशी खोलीला कुलूप! पुढे तीन महिने दोन चुली, दोन तोंडं. गौरीच्या जेवणालाही जाऊबाई खाली आल्या नाहीत.

केनेथ थॉमस आणि राल्फ किल्मन या अमेरिकी अभ्यासकांनी 1974 मध्ये भांडण हाताळण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या: आपलंच खरं करणं, पड खाणं, विषय टाळणं, अर्ध्यावर भागवणं आणि दोघांचं समाधान होईतो बोलत राहणं. यातली कुठलीच मुळात वाईट नाही. वेळ पाहून वापरावी. पण आपण सवयीने एकच धरून बसतो.

इतिहासातलं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. 17 मे 1782 रोजी सालबाई इथे महादजी शिंद्यांनी मध्ये पडून इंग्रजांशी तह ठरवला. पुण्यात नाना फडणविसांनी मात्र महिनोन्‌महिने मान्यता लांबवली. डिसेंबरात हैदरअली वारला आणि फेब्रुवारी 1783 मध्ये पुण्याची मान्यता मिळाली. एकाने बोलून मिटवलं, दुसऱ्याने थांबून पाहिलं. नानांचं थांबणं होकार नव्हतं, नकारही नव्हता.

शेवटी मीच वर गेले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ह्यांना वाद सोसत नाही. आधी हो म्हणतात, मग रात्रभर जागतात. सासूबाई त्याच खोलीत गेल्या ना!" हे आम्हाला सुचलंच नव्हतं. खोली राहिली, फक्त छत नवं घातलं. यंदा गौरी एकत्र जेवल्या.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. मोठ्या गोष्टीला कुणी चटकन "बरं" म्हणालं, की दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं, तेही चारचौघांत नव्हे, एकट्याला गाठून. आणि ह्यांना सांगून ठेवलंय, आधी दादांचं ऐका, मग आवाज चढवा.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात लगेच "बरं" म्हणणारं कोण आहे? आज जरा त्यांच्यापाशी जाऊन बसा.