आकडा चढला, म्हणून धीर सोडू नका

मैत्रिणींनो, घरचं माणूस अतिदक्षता विभागात असलं, की रोज रक्ताचे रिपोर्ट हाती पडतात. त्यातले ‘सीआरपी’ आणि ‘प्रोकॅल्सिटोनिन’ हे आकडे चढलेले दिसले, की जीव घाबरा होतो. म्हणून ही थोडी माहिती.

सीआरपी हे प्रथिन १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह झाला, की ते वाढतं. मग जंतू असोत वा नसोत. प्रोकॅल्सिटोनिन मात्र जिवाणूंच्या संसर्गात जास्त चढतं, विषाणूंच्या संसर्गात सहसा कमीच राहतं. पण मोठं ऑपरेशन, भाजणं, जबर मार यांनीही ते वाढतं. तेव्हा एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. रक्ताच्या कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर ताप, रक्तदाब, श्वास सगळंच बघतात.

संसर्ग आटोक्यात आला, की प्रोकॅल्सिटोनिन साधारण रोज निम्म्याने उतरतं. म्हणून रिपोर्ट तारीखवार लावून ठेवा. उतरता आकडा पाहून डॉक्टरांनी अँटिबायोटिक थांबवलं, तर तो हलगर्जीपणा समजू नका. ‘काल किती होतं, आज किती आहे?’ एवढं मात्र जरूर विचारा.