भुताचे छायाचित्र आणि ओळखीचा पुरावा

भुताचे म्हणून एखादे छायाचित्र पुढे आले, की ‘कॅमेरा खोटे कसे सांगेल?’ आणि ‘सारी बनवाबनवी!’ असे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. ते छायाचित्र घडले कसे, हा प्रश्न मात्र दोघेही सहसा टाळतात. वस्तुतः शोधाची सुरुवात तिथूनच व्हावयास हवी.

या दृष्टीने 1875 साली पॅरिसमध्ये चाललेला एदुआर ब्युगे या छायाचित्रकाराचा खटला उद्बोधक आहे. ब्युगेच्या छायाचित्रांत गिऱ्हाइकामागे त्याच्या मृत आप्ताची धूसर आकृती दिसे. पोलिसांच्या झडतीत कापडात गुंडाळलेले बाहुले आणि चेहऱ्यांनी भरलेली पेटी सापडली. युक्ती साधीच होती. काचेवर आधी त्या बाहुल्याची अंधूक छबी घ्यायची आणि मग त्याच काचेवर गिऱ्हाइकाची. म्हणजे कॅमेऱ्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. दोन वेळा समोर जे होते, ते त्याने एकाच काचेवर नोंदवले. ब्युगेने गुन्हा कबूल केला आणि त्याला एक वर्षाची कैद झाली.

परंतु या प्रकरणाचा खरा अर्थ साक्षीदारांच्या जबान्यांत आहे. कबुलीजबाब आणि जप्त केलेले चेहरे पुढे असतानाही अनेकांनी सांगितले, की छायाचित्रातले माणूस आमचेच आहे, आम्ही ते ओळखले आहे. त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. पण 1870–71 चे युद्ध आणि कम्यूनचा रक्तपात यांतून ते शहर नुकतेच गेले होते. घरोघरी शोक ताजा असताना धूसर चेहऱ्यात आपले माणूस दिसावे, यात अस्वाभाविक काय? छबी जितकी अस्पष्ट, तितकी पाहणाऱ्याच्या स्मृतीला जागा अधिक.

साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परिचित असावी. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हे आपण वर्गात शिकवतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यावरून ‘प्रत्येक वाचन सारखेच खरे’ असा निष्कर्ष काढण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला हा खटला चोख उत्तर देतो. साक्षीदारांचे दुःख खरे होते, ओळख पटल्याचा अनुभवही खरा होता. त्यामुळे बाहुल्याचा मृतात्मा मात्र झाला नाही. अनुभव हा अनुभवणाऱ्याविषयीचा पुरावा असतो. वस्तूविषयीचा पुरावा वस्तूच्या घडणीतच शोधावा लागतो. पाठचिकित्सा हेच करते: अर्थ सांगण्याआधी ती पोथी कोणी, कशी, कशावरून उतरवली ते विचारते.

म्हणून लौकिक स्पष्टीकरण शोधणाऱ्याला अरसिक म्हणू नये. त्यानेही युक्ती सापडताच निघून जाऊ नये. काचेचा हिशेब लागल्यावरही, त्या बाहुल्यात आपले माणूस पाहणाऱ्यांचे वाचन समजून घेण्याचे काम उरतेच; आणि ते तर आपल्याच विषयाचे काम आहे.