तासाला एक मिलिमीटर

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री आठच्या सुमारास दीर माझ्या लॅबमध्ये आले. हातात काळी कॅरीबॅग, तिच्यात गाठ मारलेली दुसरी पिशवी, पिशवीत सलाइन आणि सलाइनमध्ये माझ्या धाकट्या जावेचा काढलेला अख्खा स्तन. "सोमवारी पुण्याला पाठवायचंय. तोवर फ्रीजमध्ये ठेवा म्हणालेत." ऑपरेशन सकाळी अकराला झालं होतं.

कुर्डुवाडी स्टेशनजवळच्या या लॅबमध्ये बत्तीस वर्षं रक्त-लघवी तपासतेय. मी डॉक्टर नाही. पण पिशवी उघडल्यावर आलेला वास ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. नमुना फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकला, तरी नऊ तास गेले होते. शिवाय फॉर्मॅलिन मांसात मुरतं ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर. एवढा मोठा नमुना चिरा न पाडता तसाच बुडवला, तर वरचं टिकतं आणि आतली गाठ सडत राहते. आणि चिरा पाडायचं काम पॅथॉलॉजिस्टचं, माझं नव्हे.

रिपोर्ट आला: हार्मोनची ग्राहकं म्हणजे ईआर शून्य, पीआर शून्य, आणि हर-टू प्रथिनही शून्य. म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. हार्मोनच्या गोळीचा उपयोग नाही, केमो हाच मुख्य आधार. जाऊ म्हणाली, "जाऊबाई, परत उलटणार तर नाही ना?"

मला राहवेना. हे शून्य गाठीचं की सडलेल्या नमुन्याचं? ऑपरेशनच्या आधी सुईने बायोप्सी झाली होती. तेव्हा फॉर्मॅलिनची छोटी बाटली मीच हातात धरून उभी होते. तुकडे सुईतून थेट बाटलीत पडले होते. त्या तुकड्यांचा मेणाचा ब्लॉक पुण्याच्या लॅबमध्ये शाबूत होता. डॉक्टरांना विनवून त्याच्यावर पुन्हा तपासणी करून घेतली. ईआर आठपैकी सात! गाठीतही भागाभागाने फरक असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले, ते खरंच. पण त्यांनी भरवसा ठेवला तो या ब्लॉकवर. केमो झाली, मग टॅमॉक्सिफेन सुरू झालं. स्वस्तातली, रोज एक गोळी. पिशवीतल्या सलाइनमुळे तीही तिच्या वाट्याला आली नसती.

हे आठवायचं कारण, आजार उलटेल की नाही हे सांगणाऱ्या रेणवीय चाचण्यांबद्दल हल्ली आमच्याकडेही विचारणा होते. कुणाचा मुलगा पुण्यात आयटीत असतो, तो मोबाइलवर नाव पाठवतो. चाचण्या खोट्या नाहीत. ऑन्कोटाइप डीएक्स ही 21 जनुकांची हालचाल मोजून शून्य ते शंभर असा आकडा देते. 2018 साली जाहीर झालेल्या टेलरएक्स अभ्यासात दहा हजारांवर बायका होत्या. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेत न पसरलेला आजार आणि आकडा 11 ते 25, अशांपैकी पन्नाशीपुढच्या बहुतेकींना केमो न देताही चालतं, हे त्यातून दिसलं. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र ही सूट इतकी सरळ नाही, आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो. ऑन्कोटाइपचा खर्चही लाखांच्या घरात. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेममध्ये डॉ. मंजिरी बाक्रे यांच्या गटाने कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही देशी चाचणी काढली. ती पाच प्रथिनं, गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेतला प्रसार यांवरून पाच वर्षांतला धोका कमी की जास्त ते सांगते. मला तिचं कौतुक आहे.

पण चाचणी देशी असो की परदेशी, ती होते त्याच मेणाच्या ब्लॉकवर. जनुकं वाचणारं यंत्र कितीही महागडं आणा, त्याला द्यायचा तुकडा आमच्याच भागातल्या एखाद्या ऑपरेशन थिएटरातून निघतो.

आणि आमचा भाग मागास म्हणून सोडून देण्यासारखा नाही. इथून तासाभराच्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, खेड्यांतली देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूमच्या गावोगाव फिरून लोकांनी नावं टिपली. त्यापुढे बरणीवर वेळ टिपणं ते काय!

माझं मागणं एवढंच आहे. स्तनाचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी बफर घातलेलं दहा टक्के फॉर्मॅलिन तयार हवं, नमुन्याच्या दहापट. तासाभरात नमुना त्यात पडावा आणि चिरा पाडून पडावा. निदान सहा तास आणि फार तर 72 तास तो त्यात राहावा. तपासणीच्या फॉर्मवर दोन रकाने असावेत: काढला किती वाजता, बुडवला किती वाजता. रकाने रिकामे असतील तर लॅबने 'निगेटिव्ह' लिहिण्याआधी फोन करावा. सरकारी योजनेतून ऑपरेशनचे पैसे देताना हे दोन रकाने पाहायला काय हरकत आहे? आणि घरच्यांनी ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे, त्याचा नंबर काय, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला निघालेले कितीजण माझ्याकडे येतात. फाइलमध्ये सगळी बिलं असतात, ब्लॉकचा पत्ता नसतो.

असे दोन रकाने मी माझ्या लॅबच्या फॉर्मवर छापून घेतलेत. परवा एक वॉर्डबॉय बरणी घेऊन आला. विचारलं, "कधी काढलं?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "लिवा की म्याडम अंदाजे."

मी पेन खाली ठेवलं आणि थिएटरला फोन लावला.