पिलांवरची मरळ

भाच्याकडे व्हर्जिनियाला जाऊन आलो, तेव्हापासून "तिकडचं काहीतरी लिही की" असं बहिणीचं टुमणं चालू आहे. वॉशिंग्टन आणि तिथली संग्रहालयं यांवर सगळ्यांचं लिहून झालंय. म्हणून मी आपला मासे धरण्यावर लिहितो. माळकरी नातेवाइकांनी हवं तर इथूनच परत फिरावं!

भाच्याला गळाचा भारी नाद. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो मला शेनँडोआ नदीवर घेऊन गेला. वरच्या अंगाला होडी पाण्यात सोडायची, प्रवाहाबरोबर दिवसभर खाली जात मासे धरायचे आणि संध्याकाळी काही मैल खाली बाहेर पडायचं, असा बेत. पाऊस कमी झाल्यामुळे नदी उतरलेली होती. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. थोड्या थोड्या वेळाने होडी खडकाला घासायची, की आम्ही दोघं उतरून ती ओढायचो. दुपारपर्यंत माझी कंबर बोलायला लागली.

मासा होता स्मॉलमाउथ बास. हिरवट तांबूस अंग, त्यावर उभे पट्टे आणि लालसर डोळा. जबडा डोळ्याच्या मागे जात नाही म्हणून 'लहान तोंडाचा'. पण गळाला लागला की पाण्याबाहेर अशी उडी घेतो की विचारू नका. माझ्या रबरी खेकड्याला दोन लागले. दोन्ही भाच्याने हलकेच सोडवून पाण्यात सोडले. माझ्यातला राजुरीकर मनातल्या मनात हळहळला!

मग एका संथ वळणावर मला मोठा मासा दिसला. तळाच्या बारीक खड्यांत परातीएवढी जागा स्वच्छ झाडल्यासारखी होती आणि तो तिच्यावरच घुटमळत होता. मी काठी उचलली, तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, त्याला नको. तो घरट्यावर आहे."

या जातीत नर शेपटीने खडे सारून घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण बापच करतो. तो थोडा वेळ जरी हटला तरी टपलेले छोटे मासे अंडी फस्त करतात. म्हणजे धरून परत सोडला, तरी नुकसान झालेलंच असतं.

मी काठी खाली ठेवली आणि एकदम तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे चुलते. मी नववीत असेन. जूनच्या तोंडावर राजुरीहून सायकलने आम्ही बोरीला कुकडीवर गेलो होतो. (तीच बोरी, जिथे नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि जी बघायला लांबून संशोधक येतात.) नदी अजून आलेली नव्हती. एका डोहात पाण्यावर लालसर काहीतरी वळवळत होतं, मूठभर कुंकू सांडल्यासारखं. "मरळीची पिलं. आरं, खाली आई-बाप असत्यात, गप बस," तात्या कुजबुजले. त्यांनी बेडकी लावलेला गळ बरोब्बर पिलांच्या मधोमध टाकला. मरळ भुकेने नाही, रागाने धावली. घटकाभरात दुसरीही आली. त्या रात्री घरात आठ माणसं पोटभर जेवली. पिलांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता कोणी म्हणेल, भरल्या पोटी भूतदया सुचते. खरं आहे. अमेरिकेतला माणूस मासा सोडून घरी जाऊन पिझ्झा खातो. तात्यांकडे पिझ्झा नव्हता. धरलेला मासा सोडून द्या, असं मी म्हणणारही नाही. माझं म्हणणं एवढंच, की पिलांवर असलेला मासा धरू नये. नदी उतरते आणि पाणी नितळ होतं, तेव्हा माशाला लपायला जागा नसते. नेमका तेव्हाच आपल्याकडे कुठे कुठे सुरुंगही उडतो. सुरुंग आणि विष यांवर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, पण पिलांवरच्या मरळीला गळ टाकू नये हे कुठला कायदा डोहावर उभा राहून सांगणार?

गंमत म्हणजे शेनँडोआतला हा बासही मूळचा तिथला नाहीच. १८५४ साली रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून तो पोटोमॅकच्या खोऱ्यात आणला गेला. आपली चिलापीही अशीच उपरी, भारतात १९५२ ची. तिची मादी अंडी-पिलं तोंडात धरून पळू शकते. मरळीला ती सोय नाही. ती पिलांखाली उभी राहते आणि मरते.

आणि हा संयम काही अमेरिकेतून आणायला नको. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहातले मासे वरदायिनीचे म्हणून कोणी धरत नाही. वाड्याजवळ तिळसेश्वरला वैतरणेतही तेच. देवाच्या नावाने जमतं, मग पिलांच्या नावाने का जमू नये?

असो. तात्या आता नाहीत. असते तर मी त्यांना हे सांगू शकलो असतो का? बहुतेक नाही. पण त्यांचे नातू हा ब्लॉग वाचतात. पोरांनो, पुढच्या जूनमध्ये बोरीच्या डोहावर लाल पिलं दिसली, तर गळ गुंडाळा आणि शंभर पावलं पुढे जा. मासा तिथेही आहे.